माळ्यावरचा राउटर आणि दोन याद्या

१/
मंडळी, या धाग्यांतून आपण आजवर ताम्रपट, मोडी कागद, नाणी आणि जुने नकाशे यांच्याविषयी बोललो. आजचे साधन त्या मानाने कालपरवाचे आहे: निळ्या-काळ्या प्लास्टिकची एक पेटी, मागे दोन अँटेना, तळाशी धुळीने माखलेले लेबल. लिंकसिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ हा घरगुती वाय-फाय राउटर. घाटकोपर पूर्वेच्या आमच्या चाळीचा पुनर्विकास सुरू झाला, खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस आली आणि काकांच्या खोलीचा माळा उतरवताना ही पेटी माझ्या हाती लागली. हिच्यात १७ वर्षांपूर्वीचा एक अस्सल दस्तऐवज दडलेला होता. तो वाचावा की नाही, हा प्रश्न मला तो वाचून झाल्यावर पडला.

२/
इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतले दप्तरांचे रुमाल सोडवत हिंडले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यांचा आग्रह आपणा सर्वांना पाठ आहे: बखरीपेक्षा समकालीन अस्सल पत्र मोलाचे. बखर मागाहून, कोणाच्या तरी सांगण्यावरून, कोणाला तरी बरे वाटावे म्हणून लिहिली जाते. पत्राला पुढे काय घडणार हे ठाऊक नसते. पदव्युत्तर वर्गात हे वाक्य मी परीक्षेसाठी कितीदा लिहिले असेल. आपल्याच घरातली बखर आणि आपल्याच घरातला कागद समोरासमोर येतील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

३/
आधी पेटीची ओळख करून घेऊ. राउटर हा एक छोटा संगणकच असतो. या पेटीत २०० मेगाहर्ट्झचा ब्रॉडकॉम प्रोसेसर, १६ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅश स्मृती आहे. रॅम म्हणजे धूळपाटी: वीज गेली की अक्षरे पुसली. फ्लॅश म्हणजे ताम्रपट: वीज गेली तरी अक्षर टिकते. या ताम्रपटावर कोरलेल्या मुख्य आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. त्याच ताम्रपटाच्या कडेला एक चिंचोळी पट्टी राखून ठेवलेली असते, तिचे नाव एनव्हीरॅम. मालकाने केलेल्या सगळ्या नोंदी, म्हणजे जाळ्याचे नाव, परवलीचे शब्द, कोणाला प्रवेश आणि कोणाला नाही, या पट्टीत राहतात. आजची आपली गोष्ट याच पट्टीतली आहे.

४/
या घराण्याचा मूळपुरुष ‘डब्ल्यूआरटी५४जी’ डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला. मार्च २००३ मध्ये सिस्को या बड्या कंपनीने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून लिंकसिस विकत घेण्याचा करार जाहीर केला. आणि जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लस या प्रोग्रामरने लिनक्स कर्नेलच्या मेलिंग लिस्टवर लक्षात आणून दिले की या पेटीतील फर्मवेअर लिनक्सवर बेतलेले आहे. लिनक्सचा परवाना जीपीएल. त्याची मुख्य अट साधी आहे: ही आज्ञावली घ्या, बदला, विका, परंतु ज्याला द्याल त्याला तिचा मूळ पाठही उपलब्ध करून द्या. पेटी दुकानांत पोहोचली होती, मूळ पाठ मात्र कोणालाच मिळाला नव्हता.

५/
दबाव वाढला आणि २००३ सालीच कंपनीला मूळ पाठ खुला करावा लागला. हस्तलिखित कुलूपबंद पेटीतून बाहेर आले की काय होते, हे आपण जाणतो: पाठ जुळवले जातात, चुका दुरुस्त होतात, नव्या प्रती निघतात. इथेही तेच झाले. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला. पुढे डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही फर्मवेअर आली. साठेक डॉलरच्या पेटीवर ही आज्ञावली चढवली की महागड्या कार्यालयीन उपकरणांची कितीतरी कामे ती करू लागे: अँटेनाची शक्ती कमीजास्त करणे, दोन राउटर बिनतारी जोडणे, प्रत्येक यंत्राला ठरावीक पत्ता देणे.

६/
२००५च्या अखेरीस कंपनीने मूळ पेटीची पाचवी आवृत्ती काढली. तिच्यात रॅम ८ एमबी, फ्लॅश २ एमबी आणि लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स. बाहेरून पेटी हुबेहूब तीच, ताम्रपट मात्र निम्म्या आकाराचा. पर्यायी फर्मवेअरच्या चाहत्यांसाठी जुनीच रचना ‘एल’ हे अक्षर जोडून वेगळी विकली जाऊ लागली. तेव्हापासून दुकानात पेटी उलटी करून तळाचे लेबल वाचणे ही जाणकाराची खूण ठरली. हे अक्षर लक्षात ठेवा, कारण आमच्या चाळीत ही पेटी आली ती त्या अक्षरामुळेच.

७/
आता मुंबईकडे वळू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले, आणि २००५ साली महानगर टेलिफोन निगमची ट्रायबँड सेवा मुंबईकरांच्या घरी येऊ लागली. त्याच वर्षी, २८ जानेवारी २००५च्या अधिसूचनेने, २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. प्रक्षेपणशक्तीची कमाल मर्यादा १ वॅट, अँटेनासह प्रभावी शक्ती ४ वॅट. या चौकटीत घरगुती वाय-फाय निर्वेधपणे नांदू लागले.

८/
आमची चाळ दोन मजली, सामाईक सज्जाची. काका धाकट्या वयापासून रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत. २००७च्या दिवाळीत त्यांनी बोनसमधून राउटर घ्यायचे ठरवले. सोबत गेला तो खोली क्रमांक ९ मधला भाडेकरू, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा. मी तेव्हा सात वर्षांची होते. दोघे लॅमिंग्टन रोडहून परतले ते माझ्या डोळ्यांसमोर आहे: काकांच्या हातात खोके आणि तो मुलगा हसत हसत माझ्या आजीला सांगतोय, “आजी, काका स्वस्तातली घेत होते. मी उलटी करून बघितली. म्हटलं, ‘एल’ हवी.” आजीला त्यातले काही कळले नाही. तिने दोघांना चहा दिला.

९/
२००८च्या पावसाळ्यात त्याने या पेटीवर डीडी-डब्ल्यूआरटी चढवले. ही क्रिया किती नाजूक, हे ज्यांनी केली आहे त्यांना ठाऊक आहे. जुना मजकूर खरवडून त्याच पत्र्यावर नवा कोरायचा, आणि मध्येच वीज गेली तर पेटीची ‘वीट’ होते. ओटीवर पेटी, तारेने जोडलेला लॅपटॉप, बाहेर धो धो पाऊस. कोणीही दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, अशी काकांची ताकीद. दिवे एकदम विझले आणि पुन्हा लुकलुकू लागले, तेव्हा सज्जातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मीही होते.

१०/
त्यानंतर आमच्या मजल्याला इंटरनेट मिळाले. परवलीचा शब्द नव्हता. ज्याच्याकडे यंत्र असेल त्याने जोडून घ्यावे. पाण्याच्या नळासारखे ते सामाईक झाले. कोणी रेल्वेची तिकिटे काढी, कोणी निकाल बघे, एक ताई नोकरीचे अर्ज भरी. २५६ केबीपीएसवर सात यंत्रे, म्हणजे सगळेच हळू चाले. पण त्याची तक्रार कोणी करीत नसे. कनेक्शनच्या शर्तींत अशी वाटणी बसत नव्हती, हे आज मला कळते. तेव्हा चाळीत साखर आणि इंटरनेट यांच्या उसनवारीत कोणी भेद करीत नव्हते.

११/
आणि मग २००८चा तो उन्हाळा-पावसाळा. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोटमालिका झाली. त्याआधी काही मिनिटे आलेला ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातील वाय-फायवरून पाठवल्याचे निघाले. त्या घराच्या मालकाने तो लिहिला नव्हता; जाळे बाहेरच्यांनी वापरले होते. २३ ऑगस्टचा दुसरा ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यावरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायवरून. चेंबूर म्हणजे आमच्या घाटकोपरच्या शेजारचे उपनगर. भय वर्तमानपत्रातून उतरून रिक्षाच्या अंतरावर आले.

१२/
दोन महिन्यांनी २६ नोव्हेंबर घडले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरातली उघडी वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली, आणि २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय ग्राहकांची ओळख पटवण्याविषयी सूचना दिल्या. तिकडे अमेरिकेत, डिसेंबर २००८ मध्येच, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने जीपीएलच्या भंगाबद्दल सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला. एकाच पेटीचे दोन इतिहास एकाच हिवाळ्यात चालू होते. एकात खुलेपणासाठी न्यायालयात भांडण चालले होते, दुसऱ्यात खुलेपणाच्या भीतीने दारे लागत होती.

१३/
आमच्या घरची बखर अशी: ‘चेंबूरची बातमी आली त्याच आठवड्यात काकांनी बाहेरच्या माणसांसाठी नेट बंद केले, चाळीतल्या एकाही माणसाचे तोडले नाही.’ ही कथा आमच्याकडे दर गणपतीत सांगितली जाते. हिच्यात काकांची हुशारी आहे, धैर्य आहे आणि शेजारधर्मही आहे. मी स्वतः ती महाविद्यालयात दोनदा अभिमानाने सांगितली आहे. गेल्या महिन्यात पेटी मुलुंडच्या घरी आणली, जुन्या अडॅप्टरने वीज दिली आणि दिवे लागले, तेव्हा ती कथा पुराव्यानिशी लिहावी एवढाच माझा हेतू होता.

१४/
पहिला पुरावा पेटीच्या पोटाशी होता. लेबलाशेजारी सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर पेटीचा आतला पत्ता १९२.१६८.१.१, वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द. शाई फिकट, अक्षर टोकदार, किंचित उजवीकडे झुकलेले. काकांचे अक्षर गोल आहे. त्यांनी लिहिलेल्या दुरुस्तीच्या पावत्या मी पाहिल्या आहेत. चिठ्ठी त्या मुलाच्या हातची होती. तोच शब्द टाकला आणि दार उघडले. याचा अर्थ, त्याने ठेवलेला परवलीचा शब्द काकांनी पुढे कधीही बदलला नव्हता.

१५/
आत गेल्यावर आधी काहीही न बदलता सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवली. डीडी-डब्ल्यूआरटीत त्यासाठी ‘बॅकअप’चे पान असते. मग नोंदी वाचायला घेतल्या. एनव्हीरॅममधल्या नोंदींवर तारीख नसते, म्हणजे हा बिनतारखेचा कागद. अशा वेळी आपण काय करतो? ‘याच्या आधीचा नाही’ अशी एक सीमा शोधतो. पडद्याच्या कोपऱ्यात आवृत्ती लिहिलेली होती: व्ही२४, मे २००८. फर्मवेअर मे २००८च्या आधी चढवलेले असूच शकत नाही. पावसाळ्याची माझी आठवण आणि पेटीची साक्ष जुळली. इथवर बखर आणि कागद हातात हात घालून चालले होते.

१६/
पुढे मला पहिली यादी सापडली. राउटरला जोडणाऱ्या प्रत्येक यंत्राला जन्मतःच एक मॅक पत्ता असतो: बारा अक्षर-अंकांचा. पहिली सहा अक्षरे उत्पादक कंपनीला नेमून दिलेली, उरलेली सहा त्या यंत्राची स्वतःची. त्या मुलाने प्रत्येक शेजाऱ्याच्या यंत्राला कायमचा आतला पत्ता नेमून दिला होता आणि समोर रोमन लिपीत नाव टाकले होते: रूम-३, रूम-४, रूम-७, रूम-८, रूम-९, रूम-११, रूम-१२. पत्त्यांचे शेवटचे आकडे अनुक्रमे १०३, १०४, १०७, १०८, १०९, १११, ११२. शंभरात खोली क्रमांक मिळवलेला. ती आमच्या मजल्याची शिरगणतीच होती. नीटनेटकी, किंचित मिश्कील. मी बराच वेळ ती नुसती पाहत बसले.

१७/
दुसरी यादी दुसऱ्या पानावर होती. ‘केवळ या यंत्रांनाच प्रवेश द्यावा’ असा नियम लावून केलेली. चेंबूरच्या बातमीनंतर काकांनी जे ‘बंद’ केले ते हे. परवलीचा शब्द ठेवला असता तर प्रत्येक घरी जाऊन तो यंत्रात भरून द्यावा लागला असता, आणि तेवढे काकांना येत नव्हते. मॅक पत्त्यांची यादी मात्र एका जागी बसून करता येते. पहिल्या यादीवरून दुसरीत नकलून घेतले की झाले. क्रमही तोच होता: ३, ४, ७, ८, ११, १२. मी पुन्हा मोजले. पहिल्या यादीत सात ओळी. दुसरीत सहा.

१८/
नऊ नंबर नव्हता.

नकलाकाराची चूक असू शकते, हा माझा पहिला विचार. पोथ्यांत असे नेहमी होते: लागोपाठच्या दोन ओळींचा आरंभ सारखा असला की नकलणाऱ्याची नजर एकीवरून थेट दुसरीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. इथेही तशी शक्यता होती. खोली ९ आणि खोली ११ मधले लॅपटॉप एकाच कंपनीचे होते, त्यामुळे दोन्ही पत्त्यांची पहिली सहा अक्षरे अगदी तीच होती. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हे स्पष्टीकरण निर्दोष होते. ते खरे असावे असे मला किती वाटत होते, हेही इथे नमूद करते. इतिहास लिहिणाऱ्याने आपला कल आधी सांगावा.

१९/
दुसरी शक्यता अशी की तो मुलगा तोवर खोली सोडून गेला असेल. पण त्या गणपतीत तो आरतीला उभा असल्याचे एक छायाचित्र आमच्या अल्बममध्ये आहे. २००८ साली गणेशचतुर्थी ३ सप्टेंबरला होती. म्हणजे चेंबूरच्या बातमीच्या दहा-बारा दिवस आधी तो चाळीत होता. त्याचे नाव मी लिहिणार नाही. एवढेच सांगते की त्या आठवड्यात चाळीच्या सज्जात त्याचे आडनाव उच्चारताना माणसांचे आवाज खाली येत. हे मला तेव्हा जाणवले होते. त्याचा अर्थ कळण्याचे ते वय नव्हते.

२०/
कागद इतकेच सांगू शकत होता. पुढचे विचारावे लागणार होते, आणि सुदैवाने वा दुर्दैवाने साक्षीदार आमच्याच घरात, शेजारच्या खोलीत, सकाळचे वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी दोन्ही याद्या छापून त्यांच्यासमोर ठेवल्या. म्हटले, “काका, यात तुमची नजर चुकली का?” त्यांनी चष्मा लावला. ओळीवरून बोट फिरवले. आठ नंबरखाली ते थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “नाही गं. नजर चुकली नव्हती.”

२१/
त्यांनी सांगितले ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देते. “लोक बोलायला लागले होते. मला म्हणाले, उद्या पोलीस आले तर तुझ्या नावावर येईल. मी घाबरलो. तो दुसऱ्या दिवशी आला. म्हणाला, काका, नेट लागत नाहीये. मी म्हटलं, लाइन गेली आहे. तो ‘बरं’ म्हणाला. मागे बघून म्हणाला, पेटीचे दिवे तर लागलेत. मी काही बोललो नाही. त्यानंतर तो आला तो खोली सोडताना, किल्ली ठेवायला. आजीच्या पाया पडला. माझ्याकडे बघून हसला. तेवढंच.”

२२/
आता तांत्रिक बाजू, कारण ती या प्रसंगापासून वेगळी करता येत नाही. मॅक पत्त्यांची यादी हे संरक्षण नव्हतेच. ज्या जाळ्यावर सांकेतिकीकरण नाही, तिथे जोडलेल्या यंत्रांचे मॅक पत्ते हवेत उघडे फिरत असतात. ते ऐकून आपल्या यंत्राला तोच पत्ता लावून घेणे जाणकाराला दोन मिनिटांचे काम. डब्ल्यूईपी हे जुने कुलूप २००१ सालीच फोडले गेले होते, पण २००४ पासून डब्ल्यूपीए२ उपलब्ध होते आणि या पेटीत ते होते. खरी सुरक्षा त्यानेच मिळाली असती. काकांच्या यादीने कोणताही गुन्हेगार अडला नसता.

२३/
ती यादी एकाच माणसाला अडवू शकत होती: जो ती ओलांडू शकत असूनही ओलांडणार नाही अशाला. त्या मुलाला ही पेटी काकांपेक्षा जास्त ठाऊक होती. आपला पत्ता वगळला गेला आहे हे त्याला पाच मिनिटांत कळले असणार. शेजाऱ्याच्या यंत्राचा पत्ता लावून तो आत येऊ शकला असता. परवलीचा शब्द त्यानेच ठेवलेला असल्यामुळे यादीत स्वतःचे नाव पुन्हा घालू शकला असता. तसे काहीही झाले नाही. यादीत आजही सहाच ओळी आहेत. अनुपस्थिती हा दुबळा पुरावा असतो, असे आपल्याला शिकवतात. या एका अनुपस्थितीपुढे मात्र मला मान खाली घालावी लागली.

२४/
काकांना न्यायासनासमोर उभे करण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या वर्षीचे भय खोटे नव्हते. ज्यांच्या जाळ्यांवरून ई-मेल गेले त्यांना चौकशांना तोंड द्यावे लागले होते, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला तेवढीही परवडत नाही. परंतु भयाने दार लावताना काकांनी सहा जणांना आत ठेवले आणि एकाला बाहेर. निवड त्यांनी केली होती. पुढची १७ वर्षे आम्ही सर्वांनी मिळून त्या निवडीभोवती एक गोड बखर रचली. तिच्यात प्रत्येक वाक्य खरे वाटावे असे होते. फक्त एक ओळ गळलेली होती, आणि ती गाळण्यात दरवर्षी टाळ्या देणारी मीही सामील होते.

२५/
काकांनी विचारले, “या नंबरावरून तो आता कुठे असेल ते सापडेल का?” सापडणार नाही. मॅक पत्ता पहिल्या राउटरच्या पलीकडे जात नाही. पुढच्या प्रवासात तो गळून पडतो आणि जागोजागी नवे पत्ते लागतात. त्या लॅपटॉपचा पत्ता आमच्या चाळीच्या हद्दीतच अर्थपूर्ण होता. चाळ आता पाडली जाणार आहे. मी हे समजावून सांगितले तेव्हा काका म्हणाले, “म्हणजे आपल्याकडेच राहिला तो.” मग म्हणाले, “लिहायचं असेल तर लिही. पण लिहिलंस तर पूर्ण लिही.”

२६/
पेटीचे पुढे काय? ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्त्यांना किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते. ही पेटी त्यात बसत नाही. २०२४ अखेर आलेल्या ओपनडब्ल्यूआरटी वन या प्रकल्पाच्या स्वतःच्या राउटरमध्ये १ जीबी रॅम आहे, म्हणजे हिच्या ६४ पट. त्याच्यात आपत्काळासाठी एक वेगळी छोटी फ्लॅशही आहे, त्यामुळे मुख्य मजकूर बिघडला तरी सहसा वीट होत नाही. आमची पेटी आता कामाची नाही. मी ती पुसून नवे काही चढवणार होते. तो बेत रद्द केला. तिच्या नोंदींची एक प्रत माझ्याकडे आणि एक काकांकडे आहे.

२७/
तुमच्या माळ्यावरही असा एखादा जुना राउटर असेल, तर भंगारात देण्याआधी एवढे करा. तळाचे लेबल आणि आवृत्ती यांचे छायाचित्र घ्या. चिकटवलेल्या चिठ्ठ्या काढू नका. मागच्या बारीक भोकातले रीसेटचे बटण दाबू नका. त्याने एनव्हीरॅममधल्या नोंदी मूळपदावर जातात, आणि तोच खरा दस्तऐवज असतो. आत शिरता आले तर प्रथम बॅकअप, मग वाचन. दुसऱ्यांचे पत्ते आणि परवलीचे शब्द जाहीर करू नका. इथे मीही केलेले नाहीत. आणि घरातली गोष्ट व नोंदवही जुळत नसेल तर आधी घरातल्या माणसाला विचारा. तो बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका.

२८/
२००८च्या पावसाळ्यात घाटकोपर पूर्वेच्या एका चाळीत, ओटीवर बसून ज्याने ही पेटी नव्याने लिहिली आणि सात शेजाऱ्यांना खोली क्रमांकांवरून पत्ते दिले, त्याच्या वाचनात हा धागा चुकूनमाकून आला तर: चिठ्ठी अजून शाबूत आहे. अक्षर वाचता येते. पहिल्या यादीत पाचवी ओळ तुमची आहे. काकांना तुमच्याशी बोलायचे आहे.

पुढचा धागा पुन्हा ताम्रपटांचा.